अक्का धुण्याला गेलीये

माणूस गेल्यावर त्याच्या फोनवर फोन आला, तर तो कुणी उचलायचा?

हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला. दहाव्याला गुरुजींना विचारला. ते म्हणाले, "आधी तो पिंड सरळ ठेव." चुलत्याला विचारला. तो म्हणाला, "तुजं डोकं ठिकाणावर न्हाई, जरा पड जाऊन." मोबाईलच्या दुकानदाराला विचारला, तर तो म्हणाला, "सिम कुनाच्या नावावर हाय?" बाकीचं सांगायला शंभर जण होते. डोक्याला तेल कधी लावायचं, पायात चप्पल कधी घालायची, गोड कधी खायचं, सगळं ठरलेलं आहे. फोनचं तेवढं कुणी ठरवून ठेवलेलं नाही.

मग मीच उचलला. आणि तिथून पुढं पाच मंगळवार मी जी माती खाल्ली, ती तुम्हाला सांगतो. चहा घ्या, गार होईल. हसायचं तिथं हसा. फक्त माझ्याकडं बघून तोंड पाडू नका. तोंड पाडलेली माणसं मी तेरा दिवस बघितलीत, माझा कोटा भरलाय.

आधी अक्काचं सांगतो. सुरेखा तिचं नाव, पण मी ते कधी घेतलं नाही. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. सासरी तिचं काही जमलं नाही, परत आली. पुढं आई-वडील गेले, आणि मला सांभाळायचं काम तिच्या गळ्यात पडलं. आठवीत मी शाळा सोडली की शाळेनं मला सोडलं, ह्यावर आमच्या दोघांत कधी एकमत झालं नाही. मी तिसगावात पंक्चरच्या दुकानात कामाला लागलो. गावाबाहेर वस्तीवर दोन खोल्या, एक चूल, एक मांजर आणि आम्ही दोघं. बास.

ह्या अक्काला पुण्याच्या एक मॅडम व्हिडिओ कॉल करायच्या. गावातल्या आशाताईंनी अक्काचं नाव दिलं होतं. खेड्यातल्या बाया स्वयंपाकघरात दिवसभर काय काय करतात, चूल कधी पेटवतात, पाणी कुठं ठेवतात, उरलेल्या अन्नाचं काय करतात, ह्याचा त्या मॅडम अभ्यास करत होत्या. पूर्वी म्हणे अशा कामाला माणसं घरी येऊन बसायची. आता फोनमधूनच घर बघतात. आठ कॉल ठरले होते. दर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता.

पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगून ठेवलं, "ताई, माझ्यासाठी काही आवरायचं नाही हं. रोज असतं तसंच दाखवा."

झालं. अक्कानं आदल्या दिवसापासून घर धुवायला काढलं. भांडी चिंचेनं घासली. चुलीला पोतेरं दिलं. फळीवरचे डबे उंचीप्रमाणं लावले. मांजराला हाकललं. मी पंक्चर काढायला ट्यूबा घरी आणायचो, त्या सगळ्या बाहेर फेकल्या आणि मला दम भरला, "नाथ्या, कॉल चालू असताना घरात पाय ठिवलास तर तंगडं मोडीन."

"मॅडम म्हनल्या ना, रोज असतं तसं दाखवा म्हनून."

"रोज असतं तसं दाखवलं तर नाव कुनाचं जाईल? तुजं का माजं?"

दुसऱ्या कॉलला ती लग्नातलं पातळ नेसून भाकरी थापायला बसली. मॅडमनी विचारलं, "ताई, आज घरी काही कार्यक्रम आहे का?" अक्का म्हणाली, "न्हाई ओ. आमच्यात रोजच असं असतंय."

तिसऱ्या कॉलचा दिवस मी विसरलो. गळ्यात ट्यूब अडकवून तसाच घरात शिरलो, टोपल्यातली भाकरी मोडली, तुकडा तोंडात कोंबला आणि वर बघतो तर अक्काच्या हातात उलथनं. फोन समोर फळीवर, तिखटाच्या डब्याला टेकवलेला. आता उलथनं येतंय म्हणून मी डोळे मोठे करून तसाच थांबलो. पण अक्का फोनकडं वळून म्हणाली, "मॅडम, हे आमचं ध्यान." आणि इतकी हसायला लागली, की उलथनं फेकायचंच राहिलं. तिकडं मॅडमपण हसत होत्या. मी पळालो.

तो तिसरा कॉल. चौथ्याच्या आधी अक्काला ताप आला. चार दिवसांचा ताप. त्याचं मी काही सांगणार नाही, त्यात हसण्यासारखं काही नाही.

तेराव्याला फोटो लावायचा म्हणून शोधायला लागलो, तर अक्काचा फोटोच नाही. लग्नातले तिकडंच राहिलेले. तिच्या मोबाईलमध्ये बघितलं, तर मांजराचे चाळीस, मी तोंड उघडं टाकून झोपलेला त्याचे सहा. तिचा स्वतःचा एक नाही. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. आधार कार्डावर माणूस कसा दिसतो ते तुम्हाला सांगायला नको. अक्का ते कार्ड बघून म्हणायची, "ह्यात मी कोंबडी चोरल्यावानी दिसती." तोच फ्रेम केला. त्याला चंदनाचा हार घातला. भोवतीनं लाल-हिरव्या बल्बांची लुकलुकणारी माळ सोडली. ती माळ माझ्या डोक्यातनं निघाली. दुकानदार म्हणाला, "ही गनपतीम्होरं लावत्यात." म्हटलं, असू दे.

फोटो स्वयंपाकघरात लावला, कारण आमच्या घरात पिन घालायचा बोर्ड एकच आणि तो स्वयंपाकघरात. बल्बांची पिन त्यात घातली ती घातली. रात्रंदिवस चालू. मग अक्काचा फोन चार्ज कुठं करायचा? तर मी तो दुकानात घेऊन जायचो. पिन काढायला मन झालं नाही.

तेराव्यापर्यंत घरात उभं राहायला जागा नव्हती. चौदाव्या दिवशी मी आणि मांजर.

आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी, सहाच्या ठोक्याला, अक्काचा फोन वाजला.

मी उचलला. मॅडमचं तोंड पडद्यावर आलं. माझं तोंड मला दिसत नव्हतं. अक्काचा फोन एकदा पाण्याच्या टाकीत पडलेला, तेव्हापासून त्याचा वरचा कोपरा शाई सांडल्यासारखा काळा झालेला. व्हिडिओ कॉलमध्ये आपलं आपल्याला तोंड दिसतं ना, नेमका तोच कोपरा.

"नमस्कार. आवाज येतोय का? मधले दोन मंगळवार फोन कुणी उचलला नाही. सुरेखाताई आहेत का?"

आता बघा. इतके दिवस जो भेटेल तो मला अक्का किती चांगली होती ते ऐकवून जात होता. आणि ही बाई अक्काला बोलवा म्हणत होती. जसं काही हाक मारली की ती पदराला हात पुसत येईल. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "आहे ना. धुण्याला गेलीये."

संध्याकाळी सहाला धुण्याला कोण जातं? मॅडम जरा थांबल्या. "आत्ता?"

"आमच्याकडं पाणी आत्ताच सुटतं."

मॅडम अजून थांबल्या. मला वाटलं, नेट अडकलं. घरात रेंज एकाच भिंतीपाशी येते. मी तिला पाठ लावूनच बसलेलो, अजून चिकटून बसलो.

"बरं," त्या हळूच म्हणाल्या. "मग आपण बोलूया का थोडं? तुम्ही नवनाथ ना? ट्यूबवाले?"

"व्हय. म्हणजे, होय."

"स्वयंपाकघर दाखवाल?"

फोन फिरवला. चूल कधीची थंड. मी दुकानाशेजारी वडापाव खाऊन यायचो, चुलीचा ताबा मांजरानं घेतलेला. राखेत अंग मुडपून झोपलेलं.

"ते चुलीत काय हललं?"

"मांजर आहे."

"चुलीत?"

"ऊब असते ना मॅडम."

"म्हणजे नुकताच स्वयंपाक झालाय?"

"होय. अक्का आत्ताच करून गेली."

मांजरानं एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं आणि परत मिटला. त्यालासुद्धा लाज वाटली असणार.

"आणि तुम्ही जेवलात का?"

"होय की."

मला वाटलं, हा त्यांच्या फॉर्मातला शेवटचा प्रश्न असेल. तेवढ्यात फोनची बॅटरी संपली. अक्काचा फोन व्हिडिओवर वीस मिनिटं दम धरायचा, त्याच्या पुढं नाही.

तुम्ही म्हणाल, खरं का नाही सांगितलं? मी ठरवलं होतं, पुढच्या मंगळवारी सांगू. पण बायांच्या स्वयंपाकघराचा अभ्यास. ज्या घरात बाईच नाही तिथं त्या कशाला बघतील? सांगितलं की कॉल बंद. आणि त्या घरात आठवड्यातनं कुणी माझ्याशी बोलत असेल, तर त्या मॅडम. दुकानात दिवसभर हवा भर, ट्यूब काढ, एवढंच बोलणं. घरी आल्यावर तेही नाही. म्हणून म्हटलं, एक मंगळवार अजून.

पुढच्या मंगळवारी तयारीनं बसायचं ठरवलं. चूल दाखवायची तर भाकरी पाहिजे. शेजारच्या हौसाकाकूकडं गेलो. साठीची बाई, नवरा गेलेला, अक्काचं आणि तिचं गूळपीठ.

"काकू, एक भाकरी दे."

"दोन घे की लेकरा. कालवन घालू?"

"खायाला नको. दाखवायला पायजे."

"कुनाला?"

"पुन्याच्या मॅडमला."

काकू हात कमरेवर ठेवून बघत राहिली. "का? पुन्यात भाकरी मिळंना झाली व्हय?"

मी ती भाकरी आमच्या टोपल्यात ठेवली, मांजराला दुसऱ्या टोपलीखाली झाकलं आणि सहाला भिंतीला पाठ लावून बसलो. मॅडमनी भाकरी बघितली. बराच वेळ बघितली.

"नवनाथ, ताईंची भाकरी लहान आणि जाड असायची. ही मोठी आणि पातळ दिसतेय."

हे मला कुठं माहीत? इतकी वर्षं खाल्ली, कधी नीट बघितली नाही. पुण्याच्या बाईनं तीन वेळा फोनमध्ये बघितली आणि तिच्या ध्यानात राहिली.

"हात दुखतोय अक्काचा," मी म्हणालो.

"हात दुखत असताना एवढी मोठी थापली?"

"डाव्या हातानं थापली."

"अच्छा. आत्ता कुठं आहेत ताई?"

"धुण्याला."

"हात दुखत असताना?"

आता आली का पंचाईत. पण मी मागं हटणारा नाही, तोंडाला येईल ते सोडून देणारा. म्हटलं, "धुवायला नाही गेली. नुसतं बघायला गेलीये."

"काय बघायला?"

"धुणं."

मग मॅडम म्हणाल्या, "बरं. जेवलात का?"

"होय."

तिसऱ्या मंगळवारी नमस्कार झाल्या झाल्या प्रश्न आला, "ताईंचा हात कसा आहे आता?"

"डॉक्टरकडं गेलीये."

"कुठल्या?"

"नगरला."

"एवढ्या लांब? तुम्ही नाही गेलात बरोबर?"

"नाही," मी म्हणालो. "ती एकटीच गेली."

ते वाक्य तोंडातनं बाहेर पडलं आणि मला पुढचं खोटं सुचेना. मी खाली बघितलं. मांजराच्या शेपटीला राख लागली होती, ती झाडत बसलो. मॅडमनी फोन ठेवला नाही.

"नवनाथ, काही सांगायचं आहे का?"

"काही नाही."

"बरं. जेवलात का?"

"होय."

फोन बंद झाल्यावर मी ओळखलं, बाईला संशय आला. आता अक्काचा आवाज ऐकवल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि बायकी आवाज मिळायचं ठिकाण एकच.

"काकू, तू फक्त दाराआडनं म्हनायचं, 'आले ओ मॅडम.' तीन शब्द. लगेच तुज्या घरला जा."

काकूनं कपाळावर हात मारला. "आरं मुडद्या, गेलेल्या मानसाच्या नावानं बोलू? पाप लागंल मला."

"मला लागंल. तुला न्हाई."

काकूनं जरा विचार केला. "नक्की तुलाच लागंल?"

"शपथ."

"मग बोलते."

चौथा मंगळवार. मी भिंतीला पाठ लावून बसलेलो, काकू दाराच्या बाहेर. मॅडम म्हणाल्या, "ताई आल्या का?"

"आल्यात की." मी मान वळवून हाक मारली, "अक्का, मॅडम बोलावत्यात."

काही नाही.

"अक्का."

तिकडं काकूचा घसा बसला असणार. नाहीतर पहिल्यांदाच स्टेजवर उभं राहिल्यासारखं झालं असणार. बराच वेळ नुसता बांगड्यांचा आवाज. आणि मग दाराआडनं, कीर्तनात लावतात तसा लांबलचक सूर लावून काकू सुरू झाली:

"मी सुरेखा बोलतीया. मी जितं हाय तितं सुकात हाय. माजी काळजी करू नगा."

त्याच्यामागं एक हुंदका. आणि त्याच्यामागं नाक शिंकरल्याचा केवढा तरी आवाज.

मी मॅडमकडं बघून म्हणालो, "सर्दी झालीये तिला."

मॅडमचं तोंड पडद्यातनं बाजूला गेलं. नुसता खांदा दिसत होता आणि तो हलत होता. मला वाटलं हसतायत. जेव्हा परत दिसल्या तेव्हा नाक लाल झालेलं. म्हटलं, पुण्यातपण सर्दीची साथ दिसतेय.

"जेवलात का नवनाथ?"

"होय."

फोन संपल्यावर मी बाहेर जाऊन काकूला धरलं. "तीन शब्द सांगितले हुते तुला."

काकू उंबऱ्यावर बसून पदरानं डोळे पुसत होती. "मला काय कळंना रं. तुज्या तोंडनं 'अक्का' म्हनून हाक ऐकली आन् तेच आलं तोंडाला. तिला बोलायला मिळालं असतं तर ती आसंच म्हनली असती."

मी घरात आलो.

मग शेवटचा मंगळवार. आठवा कॉल. त्या दिवशी मी ठरवलं होतं, अक्काला मामाकडं पाठवायचं. मामाकडं गेलीये, सगळ्यांना नमस्कार सांगितलाय, तुमचा अभ्यास चांगला होऊ दे म्हणालीये. शेवट गोड करायचा. दुपारपासून लाईट गेली होती, पण खिडकीतनं उजेड येत होता. फोन दुकानात चार्ज करून आणला आणि बसलो.

"नमस्कार नवनाथ. लाईट गेलीये का तुमच्याकडे?"

"होय मॅडम, दुपारपासनं. तुम्हाला कसं कळलं? मी दिसत नाही का?"

"तुम्ही दिसताय. पण मागचे बल्ब आज बंद आहेत."

"कुठले बल्ब?"

मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "ताईंच्या फोटोचे."

मी मान वळवून वर बघितलं.

बरोबर माझ्या डोक्यावर, एका वितीवर, चंदनाचा हार घातलेली अक्का कोंबडी चोरल्यासारखी माझ्याकडं बघत होती.

आता तुम्ही डोळ्यांसमोर आणून बघा. चार मंगळवार मी त्या भिंतीला चिकटून बसलोय. मी म्हणतोय धुण्याला गेलीये, आणि ती माझ्या डोक्यावर लाल. मी म्हणतोय हात दुखतोय, आणि ती हिरवी. मी म्हणतोय नगरला डॉक्टरकडं, आणि ती एकदा लाल, एकदा हिरवी. वर मी चांगली रेंज यावी म्हणून तिच्याखाली सरकून सरकून बसतोय. आणि त्यातच काकूनं दाराआडनं जिथं आहे तिथं सुखात असल्याचं कळवलंय.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. फोन उलटा ठेवला जमिनीवर. खालनं आवाज आला, "नवनाथ? आहात का?"

परत उचलला. "तुम्हाला कधीपासनं माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही फोन उचललात तेव्हाच फोटो दिसला."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही बोलला नाहीत, म्हणून."

"आणि ते सगळं लिहून घेतलं तुम्ही? भाकरी, मांजर, काकू?"

"नाही. त्या दिवसापासून काहीच लिहिलं नाही. होकार ताईंनी दिला होता. त्या नाहीत म्हटल्यावर आमच्या नियमाप्रमाणे तुमचं घर त्याच दिवशी अभ्यासातून संपलं."

बघा. काकूला स्टेजवर चढवलं, पाप अंगावर घेतलं, टोपलीखाली मांजर गुदमरवलं, आणि ह्यातलं एक अक्षर कुणी लिहून घेतलेलं नाही.

"मग फोन कशाला करत होता मॅडम?"

"ताईंना आठ कॉल सांगितले होते ना. म्हटलं, आठ पुरे करू." त्या पुढं म्हणाल्या, "आणि तिसऱ्या कॉलला तुम्ही ट्यूब घेऊन पळालात, त्यानंतर ताई म्हणाल्या होत्या, 'मी एक दिवस घरात नसले तर हा काही करून खात नाही, नुसता हिंडतो.' ते माझ्या डोक्यात राहिलं. जेवलात का, हा प्रश्न फॉर्मात नाही नवनाथ. तो मीच विचारत होते."

मी चुलीकडं बघितलं. मांजर राखेत झोपलेलं.

"जेवलात का?"

"न्हाई," मी म्हणालो. पाच मंगळवारांतलं माझं पहिलं खरं उत्तर.

"मग चूल पेटवा. मी थांबते."

मांजराला चुलीतनं उचललं. त्यानं नखं मारली. महिन्याभराच्या घरावर बुलडोझर आला की कुणीही मारील. चुलीत काटक्या घातल्या, पेटवल्या, डोळ्यांत धूर गेला. बरं झालं गेला. परातीत पीठ घेतलं आणि विचारलं, "मॅडम, पाणी किती घालायचं?"

"मला भाकरी येत नाही हो."

दोन महिने बायांच्या चुली बघणारी बाई आणि भाकरी येत नाही. मी हताश होऊन परातीकडं बघत बसलो. पलीकडं कागदांची खुडबुड ऐकू आली.

"थांबा. ताईंनी पहिल्या कॉलला सगळं सांगितलंय. माझ्याकडे त्यांच्या शब्दांत लिहिलेलं आहे. वाचू?"

"वाचा."

मॅडम वाचायला लागल्या. पुण्याच्या स्वच्छ आवाजात, एक एक शब्द अक्काचा. "'पाणी चांगलं कडकडीत पायजे. कोमट पाण्यानं भाकर चिरती. पीठ मुठीत धरून बघायचं. थापताना हाताला पीठ घ्यायचं, परातीला न्हाई.'"

मी पाणी तापवलं. कडकडीत. पीठ मळायला घेतलं. "आणि काय म्हणाली?"

"'मळताना जोर लावायचा आणि गप ऱ्हायचं. आमचा नाथ्या शेजारी बसून बडबड करतो, त्या दिवशी भाकरी हमखास बिघडती.'"

"मी कुठं बडबड..."

"नवनाथ, गप्प राहायचंय."

गप्प राहिलो. थापली. परातीतनं उचलताना तिचे तीन तुकडे झाले. तीनही तव्यावर टाकले. मी मान वर करून सांगायला गेलो, मॅडम, लहान आणि जाड झाली, अक्कासारखी, फक्त तीन झाल्या. पण पडदा काळा होता. बॅटरी संपली होती. निरोप घ्यायचा राहूनच गेला. पण तीनही तुकडे मी खाल्ले. मांजराला वास दिला, ते उठून बाहेर गेलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन चार्जिंगला लावला, तर मॅडमचा एक फोटो येऊन पडलेला. तिसऱ्या कॉलमधला. खाली लिहिलेलं, आमच्या सरांना विचारून पाठवतेय, हा तुमच्याकडे असायला हवा. अक्का. हाताला पीठ, हातात उलथनं, मान मागं टाकून हसतेय. कोंबडी चोरल्यासारखी अजिबात नाही. कोंबडी परत मिळाल्यासारखी.

तसाच ऑइलच्या हातानं उठलो, फोटो स्टुडिओत गेलो. म्हटलं, हा मोठा करून दे.

स्टुडिओवाल्यानं फोटो कॉम्प्युटरवर टाकला, चष्मा वर केला. "बाईचा फोटो झकास हाय. मागचं ते ध्यान कापून टाकू का?"

"कुठलं ध्यान?"

"हे काय. गळ्यात ट्यूब, तोंडात बोळा, डोळे बाहेर. कोन हाय हे येडं?"

मी वाकून बघितलं. अक्काच्या खांद्यामागं, भूत बघितल्यासारखा, मी. म्हणजे मी चार मंगळवार तिला डोक्यामागं घेऊन बसलो होतो, आणि तिच्या सगळ्या जन्मातल्या एका बऱ्या फोटोत तिच्या डोक्यामागं मी.

"राहू दे," मी म्हणालो.

"अरे, भिंतीला लावायचाय ना? शोभा जाईल."

"जाऊ दे."

त्यानं मला ओळखलं नाही. पैसे देताना समोर उभा होतो, तरी नाही.

घरी आणून आधारचा फोटो काढला, हा लावला. हार घातला. बल्बांची माळ भोवतीनं सोडली. तेवढ्यात हौसाकाकू कालवणाची वाटी घेऊन आली. फोटो बघितला, अक्काला बघून तोंडाला पदर लावला, आणि मग तिचे डोळे मागं गेले.

"आरं मुडद्या, जित्या मानसाला हार घालतोस व्हय? काढ आदी."

"अक्काला घातलाय काकू."

"आन् मागं कोन हाय मग? तुजाच थोबडा हाय ना त्यो? जितेपनी हार घातला तर काय हुतं म्हाईत हाय का तुला? काढ."

मी हार जरा डावीकडं सरकवून बघितला. मग उजवीकडं. अक्काला घातला की ट्यूबवाल्यालाही पडतो. ट्यूबवाल्याला वाचवायचं, तर अक्काला पण घालता येत नाही.

"बल्बपन काढ," काकू म्हणाली.

हार काढून फळीवर, तिखटाच्या डब्यामागं ठेवला. मग माळ गोळा केली, पिन ओढली. बोर्ड मोकळा झाला.

तिथं अक्काचा फोन चार्जिंगला लावला.